नव्या घरात गळती, ओल, चोकअप? पाच वर्षे जबाबदारी बिल्डरची, पण तक्रार कागदावर हवी

वास्तुशांत होऊन वर्ष-दीड वर्ष झालेले असते. बँकेचा हप्ता दर महिन्याला न चुकता कापला जातो. अशात हॉलच्या भिंतीला पोपडे सुटतात, बाथरूमचे पाणी नहाणीकडे जाण्याऐवजी दाराकडे येते, पहिल्याच पावसाळ्यात चेंबर तुंबते. बिल्डरला फोन केला की ‘माणूस पाठवतो’ असे उत्तर मिळते. माणूस येतो, फटीत पांढरे सिमेंट भरून जातो आणि महिन्याभरात ओल पुन्हा तिथेच दिसते.

मुक्ताईनगरसारख्या तालुक्याच्या गावात या दुखण्याला आणखी एक पदर आहे. येथे बिल्डर किंवा ठेकेदार बहुधा ओळखीतला असतो, कधी नात्यातलाही. त्यामुळे सगळा व्यवहार बोलण्यावर चालतो. ‘भाऊ, बघून घेऊ’ या एका वाक्यावर दोन-तीन वर्षे निघून जातात आणि मग कळते की मुदत संपत आली, हातात मात्र एकही कागद नाही. कायदा घरमालकाच्या बाजूने आहे, पण तो फोनवरच्या बोलण्याला नव्हे, तारखेच्या कागदाला ओळखतो.

कायदा नेमके काय सांगतो?

स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम २०१६, म्हणजेच रेरा कायद्याचे कलम १४ (३) घरमालकाने लक्षात ठेवावे असे आहे. घराचा ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात, कारागिरीत, दर्जात किंवा पुरवलेल्या सेवांमध्ये दोष आढळला आणि तो बिल्डरच्या निदर्शनास आणून दिला, तर बिल्डरने ३० दिवसांच्या आत कोणताही जादा पैसा न घेता तो दुरुस्त करून द्यायचा आहे. त्याने ते केले नाही, तर ग्राहकाला नुकसानभरपाई मागता येते. या काळाला ‘दोष दायित्व कालावधी’ म्हणतात.

पाच वर्षांची ही हमी फक्त कॉलम, बीम किंवा स्लॅबपुरती असते, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. कलमात ‘कारागिरी’ आणि ‘सेवा’ हे शब्द स्पष्ट आहेत. पाण्याची लाइन, सांडपाण्याचे पाइप, बाथरूमचे वॉटरप्रूफिंग, चुकीचा उतार हे सगळे त्यात येते.

दुसरी महत्त्वाची बाब म्हणजे घर तुम्ही पहिल्या मालकाकडून विकत घेतले असेल, तरी उरलेल्या काळापुरता हा हक्क तुमच्याकडे येतो. कायद्यातील ‘वाटपग्राही’ या व्याख्येत नंतर खरेदी करणाराही धरला आहे. भाडेकरू मात्र त्यात येत नाही.

महाराष्ट्रात महारेरा प्राधिकरण २०१७ पासून काम करते. विक्रीकरारातील दोष दायित्वाचे कलम बिल्डरला आपल्या सोयीने बदलता येणार नाही, असे महारेराने डिसेंबर २०२२ च्या आदेशात स्पष्ट केले आहे. म्हणून करारात ‘प्लंबिंगची हमी एक वर्ष’ असे छापलेले दिसले, तरी तेवढ्यावर गप्प बसू नका.

आधी हे ठरवा: तुमचे घर कोणत्या गटात?

तक्रार कुठे करायची हे घर कसे घेतले यावर ठरते.

पहिला गट : नोंदणीकृत प्रकल्पातील फ्लॅट किंवा रो हाऊस. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि घरे आठपेक्षा जास्त असतील, तर प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी लागते. करारावर किंवा जाहिरातीत ‘पी’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो महारेराच्या संकेतस्थळावर टाकला की प्रकल्पाची माहिती दिसते. मुक्ताईनगरच्या कुटुंबाने मुलाच्या नोकरीसाठी पुण्यात किंवा नाशकात घेतलेला फ्लॅटही याच गटात येतो. तक्रार ऑनलाइन करता येते.

दुसरा गट : लहान इमारत किंवा दोन-चार रो हाऊस. जमीन किंवा घरांची संख्या वरच्या मर्यादेत असेल, तर महारेरा नोंदणी लागत नाही. अशा वेळी ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. सदनिकांच्या इमारतीला महाराष्ट्र सदनिका मालकी कायदा १९६३ (मोफा) लागू होतो, तिथे दोष कळवण्याची मुदत ताब्यापासून तीन वर्षे आहे.

तिसरा गट : प्लॉट आपला, बांधकाम ठेकेदाराचे. तालुक्याच्या गावात असे घर सर्रास दिसते. एनए प्लॉट घेतला, नगरपंचायतीची परवानगी काढली आणि ठेकेदाराला चौरस फुटाच्या दराने काम दिले. येथे ठेकेदार हा ‘प्रवर्तक’ नसल्याने महारेराचा उपयोग नाही. पण तो पैसे घेऊन सेवा देतो, म्हणून ग्राहक संरक्षण कायदा त्याला लागू होतो. ले-आउटमधील रस्ते, गटारे, पाण्याची मुख्य लाइन यांची जबाबदारी मात्र प्लॉट विकणाऱ्या विकासकाची असते. घरातील गळती आणि गल्लीतील तुंबलेले गटार या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्या एकाच अर्जात मिसळू नका.

दोष बांधकामाचा की वापराचा?

वाद बहुतेक वेळा इथेच अडतो. नळाचा वॉशर झिजणे, शॉवरच्या जाळीत क्षार बसणे, सिंकमध्ये खरकटे अडकणे हा वापराचा भाग आहे, तो खर्च आपला. भिंतीतील जोड सुटणे, फरशीखालून पाणी झिरपणे, उतार उलटा असणे, चेंबर खचणे, करारात लिहिल्यापेक्षा हलक्या दर्जाचा पाइप वापरणे हे बांधकामाचे दोष आहेत.

खान्देशात याची दोन कारणे वारंवार दिसतात.

पहिले कारण ऊन. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि गच्चीवरचा उघडा पाइप त्याहूनही अधिक तापतो. प्लॅस्टिकचा पाइप तापला की लांबतो. दहा मीटरची सीपीव्हीसी लाइन तापमान ४० अंशांनी वाढल्यावर साधारण अडीच सेंटीमीटर वाढते. ती वाढ सामावून घेण्यासाठी लाइनला वळण ठेवावे लागते आणि क्लॅम्प थोडे सैल लागतात. लाइन सरळ ताणून सिमेंटने जखडली, तर ताण जोडावर येतो आणि जोड सुटतो. सोलर हीटरच्या गरम पाण्याला साधा पीव्हीसी पाइप जोडला असेल, तर तो मऊ पडून वाकतो. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी किंवा त्यासाठीच बनवलेला पाइप लागतो.

दुसरे कारण माती. तापी-पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाइपखाली मुरूम किंवा वाळू न टाकता थेट काळ्या मातीत ड्रेनेज लाइन टाकली, तर दोन-तीन पावसाळ्यांत ती मध्येच खचते. उतार जातो, मैला साचतो आणि चेंबर भरून वर येते. ‘माती अशीच आहे’ हे बिल्डरचे उत्तर पुरेसे नाही. माती अशी आहे हे त्याला आधीच माहीत होते आणि त्याप्रमाणे काम करणे हेच त्याचे काम होते.

पाइपचा दर्जा पाहायचा असेल, तर उघड्या भागावरील छपाई वाचा. पिण्याच्या पाण्याच्या यूपीव्हीसी पाइपवर आयएस ४९८५, सीपीव्हीसीवर आयएस १५७७८ आणि सांडपाण्याच्या पाइपवर आयएस १३५९२ हे क्रमांक आयएसआय चिन्हासह असतात. कराराला जोडलेल्या साहित्याच्या यादीशी ते ताडून पाहा. पाइप बनवणारे मोठे कारखाने जळगाव जिल्ह्यातच आहेत, तेव्हा ‘चांगला पाइप इकडे मिळत नाही’ ही सबब चालणार नाही.

घरच्या घरी करा या चार चाचण्या

१. मीटर किंवा टाकीची चाचणी. रात्री सगळे नळ बंद करा. मीटर असेल तर आकडा लिहून ठेवा, नसेल तर टाकीच्या पाण्याच्या पातळीवर खूण करा. टाकीत येणारा वॉल्व्हही बंद ठेवा. सकाळी आकडा पुढे सरकला किंवा पातळी उतरली, तर दाबाच्या लाइनमध्ये गळती आहे.

२. ओल कधी वाढते ते पाहा. बारा महिने सारखी ओल असेल, तर संशय पाण्याच्या लाइनवर. बाथरूम वापरल्यावरच वाढत असेल, तर सांडपाण्याच्या लाइनवर किंवा वॉटरप्रूफिंगवर. फक्त पावसाळ्यात येत असेल, तर बाहेरची भिंत किंवा गच्ची. पंधरा दिवसांची नोंद वहीत ठेवा.

३. पाणी साठवून पाहा. नहाणी ट्रॅपचे तोंड कापड व प्लॅस्टिकने घट्ट बंद करा, बाथरूममध्ये एक-दोन इंच पाणी भरा आणि २४ ते ४८ तास ठेवा. खालच्या छताला किंवा शेजारच्या भिंतीला ओल आली, तर वॉटरप्रूफिंग सदोष आहे. खाली कोणी राहत असेल, तर आधी सांगून करा.

४. रंगाची चाचणी. फ्लश टाकीत खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर टाकीचा वॉल्व्ह गळतो. तो किरकोळ खर्चाचा विषय आहे, त्यासाठी भांडण नको.

चाचणी सुरू करताना आणि संपल्यावर मोबाइलवर फोटो व व्हिडिओ घ्या. मोठा दोष असेल, तर स्थापत्य अभियंत्याकडून पाहणी करून सही-शिक्क्याचा अहवाल घ्या. पुढे आयोगासमोर तुमच्या शब्दापेक्षा त्या अहवालाला वजन असते.

फोडाफोड करण्याआधी थांबा

वैतागून आपला प्लंबर बोलावणे आणि फरशी फोडून काम उरकणे ही सर्वात महागात पडणारी घाई आहे. एकदा फरशी फोडली की मूळ दोष काय होता हे दाखवायला काही उरत नाही. शिवाय अनेक करारांत असे कलम असते की, लेखी परवानगीशिवाय पाइप, नळजोड किंवा बाथरूममध्ये बदल केला तर बिल्डरची जबाबदारी संपते. बिल्डर नेमके त्याच कलमावर बोट ठेवतो.

पाइप फुटून घरात पाणी भरत असेल, तर अर्थातच वाट पाहायची नाही. मुख्य वॉल्व्ह बंद करा, बिल्डरला मेसेज टाका, व्हिडिओ घ्या, मग दुरुस्ती करा. काढलेला पाइपचा तुकडा पिशवीत जपून ठेवा आणि प्लंबरकडून तारखेसह पावती घ्या.

तक्रार कशी लिहावी?

वकिलाची नोटीस पहिल्याच दिवशी लागत नाही. साध्या मराठीतील एक पान पुरते. नमुना असा :

‘मी आपल्याकडून … या प्रकल्पातील घर क्रमांक … खरेदी केले असून त्याचा ताबा मला दिनांक … रोजी मिळाला. घरात पुढील दोष आढळले आहेत : १) मागील बाथरूमच्या भिंतीत दिनांक … पासून ओल, २) स्वयंपाकघरातील सांडपाण्याची लाइन आतापर्यंत … वेळा तुंबली, ३) बाथरूमचा उतार दाराकडे. फोटो सोबत जोडले आहेत. रेरा अधिनियमाच्या कलम १४ (३) नुसार हे दोष हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करून द्यावेत. पाहणीसाठी कधी येणार हे लेखी कळवावे. फक्त वरून सिमेंट किंवा रंग न लावता गळतीचे मूळ कारण दूर करावे, ही विनंती.’

दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातील घरांसाठी रेरा कलमाऐवजी ‘आपल्या सेवेत त्रुटी आहे, ती ३० दिवसांत दूर करावी’ असे लिहा.

पत्र करारात दिलेल्या पत्त्यावर पाठवा. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. म्हणून पोस्टात स्पीड पोस्ट करताना नोंदणी आणि पोहोच मागून घ्या. तेच पत्र ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा. फोनवर बोलणे झाले, तर लगेच मेसेज करा : ‘आज आपण सोमवारी माणूस पाठवतो असे सांगितले.’ एवढ्याने बोलण्याचा पुरावा तयार होतो. जुना मोबाइल विकण्याआधी ही चॅट जपून ठेवा.

अपार्टमेंटमध्ये सामाईक ड्रेनेज लाइनचा दोष असेल, तर एकट्याने न लढता सोसायटीच्या किंवा घरमालकांच्या संघटनेच्या नावाने पत्र द्या. संघटनेलाही महारेराकडे तक्रार करता येते.

बिल्डरची नेहमीची उत्तरे आणि त्यावर काय म्हणाल?

‘ताबा घेताना तक्रार नाही म्हणून सही केली होती.’ भिंतीतला पाइप ताब्याच्या दिवशी कुणालाच दिसत नाही. नंतर उघड होणाऱ्या दोषांसाठीच कायद्याने पाच वर्षे दिली आहेत.

‘पाणी क्षाराचे आहे.’ क्षाराने नळाची जाळी बुजते, बाथरूमचा उतार उलटा होत नाही.

‘प्लंबिंगचे काम दुसऱ्याला दिले होते, त्याला विचारा.’ तुमचा करार बिल्डरशी आहे. त्याने काम कुणाला दिले हा त्या दोघांमधला प्रश्न.

‘पाच वर्षे झाली आता.’ तुम्ही पाच वर्षांच्या आत लेखी कळवले असेल, तर हे उत्तर लागू पडत नाही. कायद्याने मुदत दोष कळवण्यासाठी घातली आहे. टोलवाटोलवीत काळ गेला, त्याचा फायदा बिल्डरला मिळत नाही. पण लेखी कळवलेच नसेल, तर हेच उत्तर तुमचा रस्ता अडवू शकते.

३० दिवस उलटले, पुढे काय?

महारेरा : नोंदणीकृत प्रकल्पासाठी. तक्रारीचे शुल्क ५,००० रुपये. दुरुस्ती करून द्यावी असा आदेश हवा असेल तर प्राधिकरणाकडे आणि नुकसानभरपाई हवी असेल तर न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे, असे दोन वेगळे अर्ज असतात. आधी सलोख्याने मिटवायचे असेल, तर महारेराचा सलोखा मंचही आहे. मंजूर झालेली रक्कम बिल्डरने दिली नाही, तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल करण्याची तरतूद कलम ४० मध्ये आहे.

जिल्हा ग्राहक आयोग, जळगाव : तिन्ही गटांना खुला. घरासाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर प्रकरण जिल्हा आयोगात चालते. शुल्क ५ लाखांपर्यंत नाही, १० लाखांपर्यंत २००, २० लाखांपर्यंत ४०० आणि ५० लाखांपर्यंत १,००० रुपये आहे. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केली आहे : बिल्डर कुठलाही असला, तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे पुण्याच्या बिल्डरविरुद्धही मुक्ताईनगरचा रहिवासी जळगावच्या आयोगात जाऊ शकतो. तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. आयोगाचा आदेश न पाळल्यास तुरुंगवास आणि दंडाची तरतूद आहे.

सुरुवातीचा सल्ला हवा असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

महारेरा असताना ग्राहक आयोगात जाता येते का? येते. सर्वोच्च न्यायालयाने इम्पीरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात २०२० मध्ये दोन्ही मार्ग खुले असल्याचे सांगितले. मात्र एकाच मागणीसाठी एकाच वेळी दोन्हीकडे जाऊ नका. दुरुस्तीचा अंदाजे खर्च, शुल्क, जळगावच्या फेऱ्या यांचा हिशेब करून एक मार्ग निवडा.

न्यायालयांनी ग्राहकाची बाजू कशी घेतली?

घरबांधणी ही ‘सेवा’ आहे आणि ती सदोष दिली तर ग्राहक कायद्याखाली दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ मध्येच ठरवून दिले. ठेकेदाराकडून घर बांधून घेणाऱ्याचा आधार हाच.

देबाशिष सिन्हा प्रकरणात २०२३ मध्ये न्यायालयाने घरमालकांच्या बाजूने निकाल दिला. अपुऱ्या सोयींसह ताबा घेतला, एवढ्यावरून त्यांची तक्रार फेटाळता येणार नाही, हा त्याचा गाभा.

पाण्याशी थेट जोडलेले प्रकरण मुंबईच्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेचे. बिल्डरने भोगवटा प्रमाणपत्र न मिळवल्याने संस्थेला जादा मालमत्ता कर आणि जादा पाणीपट्टी भरावी लागत होती. तक्रार उशिरा आली असा आक्षेप घेतला गेला. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा ‘सुरू असलेला’ अन्याय असल्याचे सांगून संस्थेची तक्रार ग्राह्य धरली. आपल्याकडेही नळजोडणी आणि पाणीपट्टीचा प्रश्न नगरपंचायतीशी येतो, तेव्हा भोगवटा प्रमाणपत्राची प्रत आजच मागून घ्या.

आता घर घेत असाल तर

ताबा घेण्याआधी एक प्लंबर सोबत न्या. सगळे नळ एकदम सोडा, सगळे फ्लश लागोपाठ चालवा, चेंबरची झाकणे उघडून पाणी वाहते का पाहा. बाथरूमच्या दाराशी एक बादली पाणी ओता, ते आपोआप नहाणीकडे गेले पाहिजे. सापडलेले दोष ताबा पावतीवरच लिहा आणि मग सही करा. पाणी आणि ड्रेनेज लाइन भिंतीत व जमिनीत कुठून गेली आहे, याचा नकाशा मागा. घर बांधून घेत असाल, तर प्लास्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा आणि लाइनमध्ये दाब भरून चाचणी घ्यायला लावा. ठेकेदाराशी व्यवहार साध्या चिठ्ठीवर न करता स्टॅम्प पेपरवर करा. त्यात पाइपचा प्रकार, आयएस क्रमांक, किती वर्षांची हमी आणि शेवटचा हप्ता पहिल्या पावसाळ्यानंतर, एवढे चार मुद्दे असू द्या.

ओळखीचा माणूस आहे, पत्र कसे पाठवायचे, असा संकोच वाटणे साहजिक आहे. पण लेखी पत्र म्हणजे भांडण नव्हे. चांगल्या बिल्डरला त्यातून नेमके काय दुरुस्त करायचे ते कळते, टाळणाऱ्याला टाळता येत नाही. म्हणून आज एकच काम करा : कपाटातील ताबा पावती काढा, तिच्यावरची तारीख पाहा आणि पाच वर्षे कधी पूर्ण होतात ते मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. भिंतीवर ओल दिसत असेल, तर पत्र त्या तारखेच्या बरेच आधी पोस्टात पडलेले असू द्या.